लॅमर्टच्या बोटीत पाणी कुठून आलं

लॅमर्टची बोट मंगळवारी बुडाली आणि बुधवारी सकाळी नऊच्या ठोक्याला लॅमर्ट वेंडेल क्रॅन्झ यांच्या बोटदुरुस्तीच्या दुकानात हजर झाला. हा सेंट लुईसचा दातांचा डॉक्टर. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार ओझार्कच्या तलावावर काढायचा. एरवी गोड बोलायचा, वेंडेलना 'सर' म्हणायचा. त्या दिवशी तो सरळ आत आला आणि काखेतली चार लाइफ जॅकेटं त्यानं काउंटरवर आपटली. त्यातून गढूळ पाणी निघून काचेवर पसरलं.

"एप्रिलमध्ये तुम्ही माझ्या बोटीचा भाता बदललात," तो म्हणाला. "काल बोट धक्क्याला बांधल्या जागी बुडाली. फक्त नाक वर होतं. मरीनावाल्यांनी बाहेर काढली, बघितली, आणि सांगितलं की भात्यातून पाणी आलंय."

वेंडेल क्रॅन्झ खिडकीजवळच्या बाकावर कार्बोरेटर उघडून बसले होते. वय चौऱ्याहत्तर. त्यांच्या हातातला बारका स्क्रूड्रायव्हर थरथरत होता, पण तो वर्षभर तसाच थरथरत होता. दुकानात त्या वेळी दोन मासेमार आणि एक बाई आपापल्या कामासाठी थांबलेली होती. तिघंही वळून बघायला लागली.

"क्लॅम्प सुटला असेल तर बघतो मी," वेंडेल म्हणाले.

"तुम्ही नका बघू," लॅमर्ट म्हणाला. "तुमचे हात बघा जरा. माझ्या दवाखान्यात असे हात असते तर मी ते कुणाच्या तोंडात घालू दिले नसते."

ट्वायला मागच्या शेडमधून बाहेर आली तेव्हा हे शेवटचं वाक्य तिच्या कानावर पडलं. वेंडेलची ही एकुलती एक मुलगी, सेहेचाळीस वर्षांची, बोटीखाली आडवी पडून काम करायची ती गेली बावीस वर्षं. ती काउंटरला वळसा घालून लॅमर्टसमोर आली. "बाहेर व्हा," ती म्हणाली.

"विम्याचा माणूस सोमवारी येतोय. 'चुकीची दुरुस्ती' असं तो लिहील, आणि ते मी सगळ्या तलावाला दाखवीन."

"दाखवा. आधी बाहेर व्हा."

तो गेला. त्याच्यामागे एक मासेमारही, आपलं काम 'नंतर बघू' म्हणत, निघून गेला.

या जातीच्या बोटीत इंजिन बोटीच्या पोटात असतं आणि पंख्याचा पाय बाहेर पाण्यात. मागच्या भिंतीला एक मोठं भोक, त्यातून दांडा जातो. पाय डावी-उजवीकडे वळतो, वर-खाली होतो, म्हणून त्या दांड्यावर घड्याघड्यांचा रबरी भाता चढवायचा आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प, म्हणजे स्क्रूचे धातूचे पट्टे, आवळायचे. बोट आणि तलाव यांच्यामध्ये तेवढंच रबर. आतला क्लॅम्प डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतो. दोन वर्षांपूर्वी बापलेकीत ठरलं होतं की वेंडेलनी बाकावरची कामं करायची, भाते ट्वायलानं. पण एप्रिलमध्ये ती आठवडाभर तापानं पडली आणि त्या आठवड्यात लॅमर्टचं काम वेंडेलनी एकट्यानं केलं. तिला सांगितलं ते झाल्यावर.

संध्याकाळी दुकान बंद करताना तिनं विचारलं. विचारायचं नाही असं दिवसभर ठरवून विचारलं.

"डॅडी, आतला क्लॅम्प आवळला होता ना तुम्ही?"

वेंडेल हात धूत होते. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले, फडकं घडी करून खिळ्याला अडकवलं. मग खिशातून दुकानाची किल्ली काढून काउंटरवर ठेवली आणि चालत घरी गेले. घर रस्त्यापलीकडेच होतं. दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

ट्वायलाला इतका राग आला होता की तो कुणावर काढावा हेच तिला कळेना. लॅमर्टवर होताच. डॅडींवर होता, कारण ठरलेलं मोडून त्यांनी चोरून काम केलं होतं. सगळ्यात जास्त स्वतःवर होता, कारण प्रश्न विचारताना तिला उत्तर 'नाही' येईल असं वाटलं होतं, आणि ते तिच्या आवाजात होतं. चाळीस वर्षं ज्या माणसानं क्लॅम्प आवळले त्यानं ते ऐकलं होतं.

शुक्रवारी दुपारी ती मरीनावर, लोक भाडं भरून बोटी बांधतात त्या तळावर, गेली. लॅमर्टची बोट मागच्या अंगणात ट्रेलरवर होती, सीटांवर शेवाळ वाळलेलं, इंजिनावर चिखलाची साय. ती जवळ पोचते तोच मरीनाचा मॅनेजर कर्टिस थिबो गोल्फच्या गाडीत बसून आला. दोघं एकाच शाळेत होती. कर्टिस तेव्हाही दुसऱ्याचं दप्तर लपवून शोधायला मदत करणारा होता.

"हात लावायचा नाही, ट्वायला. विमावाला येईपर्यंत नाही."

"भात्यातून पाणी आलं हे तुला कसं कळलं?"

"भात्यातूनच येतं. जूनमध्ये दोन बुडाल्या, त्याही भात्यानंच."

"कोणत्या दोन?"

"जुन्या होत्या. मालकांनी लक्ष दिलं नव्हतं."

"लॅमर्टचा भाता तीन महिन्यांचा आहे."

"म्हणून तर," कर्टिस म्हणाला. "तीन महिन्यांचं रबर खराब होत नाही. लावणारा खराब असतो. हे बघ, वेंडेल आपल्या सगळ्यांना आवडतात. पण माणसाचं वय होतं. तू त्यांना आधीच थांबवायला हवं होतंस."

ट्वायलाच्या हातात टॉर्च होता. तो तिनं दुसऱ्या हातात घेतला, कारण पहिला हात काय करील याचा तिला भरवसा वाटेना. मग ती पाठ फिरवून पेट्रोलच्या धक्क्यावर आली.

तिथे मार्लीन होती. सदुसष्ट वर्षांची मार्लीन एकोणीस उन्हाळे बोटींत पेट्रोल भरत आली होती, आणि तलावावर काय चाललंय हे तिला मालकाआधी कळायचं. तिनं न विचारता बर्फाच्या पेटीतून थंड चहाची बाटली काढून ट्वायलाला दिली.

"कर्टिसनं हाकललं?"

"हाकललं. मार्लीन, लॅमर्टची बोट शेवटची कधी बाहेर गेली होती?"

"जूनच्या शेवटाला. मग तीन आठवडे जागेवरून हललेली नाही. पाय वर करून उभी, चिखलातल्या कोंबडीसारखी. तो डॉक्टर नेहमी पाय वर ठेवूनच जातो. पायाला शेवाळ लागू नये म्हणून."

"आणि पंप?"

"पाणी उपसायचा? तो तर रोज बघायचे मी. सकाळ-संध्याकाळ बाजूनं पिचकारी. आधी तासातासानं, मग दर दहा मिनिटांनी. मी कर्टिसला म्हटलंसुद्धा, अरे ती बोट मुततेय सारखी. म्हणाला बघतो."

ट्वायलानं बाटली खाली ठेवली. तीन आठवडे उभी बोट, आणि पंप रोज जास्त चालणारा. म्हणजे पाणी बोट चालवताना येत नव्हतं. मग थंड पाणी नेणारा पाइप नाही, धुराचा मार्ग नाही. ते सगळं इंजिन चालू असताना गळतं. हे उभ्या बोटीत, बांधल्या जागी येणारं पाणी होतं, थोडं थोडं, रोज वाढणारं. पंप उपसत राहिला, एक दिवस बॅटरी संपली, आणि मग बोट भरली. क्लॅम्प सैल राहिला असता तर एप्रिलमध्येच पहिल्या दिवशी कळलं असतं. हे तिला बुधवारीच सुचायला हवं होतं. बुधवारी तिला फक्त डॅडींचे हात दिसले होते.

तिनं तिथूनच लॅमर्टला फोन लावला.

"उद्या दहाला या," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्यांदेखत तुमची बोट तपासते. माझ्या बापाची चूक निघाली तर सगळ्या तलावाला मीच सांगेन, तुम्हाला त्रास नको. नाही निघाली तर तुम्ही काय करणार ते ठरवून या."

"विमावाल्यानं हात लावू नका म्हटलंय."

"बोट कुणाची आहे?"

"माझी."

"मग दहाला या."

शनिवारी तो आला. एकटाच. कर्टिसही आला, गोल्फच्या गाडीतून न उतरता पाय लांब करून बसला. ट्वायलानं आपल्या ट्रकला ट्रेलर जोडला. बोट पाण्यात सोडायच्या उताराच्या तोंडाशी आणली. मग दोन तास तिनं नुसता तळ साफ केला. चिखल उपसला, फडक्यांनी पुसला, इंजिनाखालचा कोपरान् कोपरा कोरडा केला, आणि मग टॉयलेट पेपरच्या पट्ट्या मागच्या भिंतीला, नळ्यांच्या तोंडांशी, खालच्या बुचापाशी अंथरल्या.

"हे काय?" लॅमर्टनं विचारलं.

"पाण्याला चालताना बघता येत नाही. कागद भिजलेला बघता येतो."

"आणि हे शिकवलं कुणी?"

"ज्याचे हात तुम्हाला आवडले नाहीत, त्यानं."

तिनं ट्रेलर मागे घेतला, बोटीचा मागचा भाग नेहमीच्या रेषेपर्यंत पाण्यात गेला तशी हातब्रेक ओढला, आणि इंजिनाच्या कप्प्यात डोकं खाली करून पालथी पडली. पेट्रोल, चिखल आणि सडक्या पाण्याचा वास. टॉर्च एका हातात. पंख्याचा पाय खाली होता, मरीनावाल्यांनी बोट बाहेर काढताना उतरवलेला.

दहा मिनिटं. वीस. अर्धा तास. कागद कोरडे. बुचापाशी कोरडा, नळ्यांशी कोरडा, दांड्याच्या भोकाखाली कोरडा. तिच्या डोक्यात रक्त उतरून कानशिलं ठणकायला लागली. पाऊण तास झाला तरी एक थेंब नाही.

"काहीच नाही?" कर्टिस वरून म्हणाला. "मग ती बुडाली कशानं, नजर लागून? पाणी येतच नाही म्हटल्यावर विमावाला म्हणेल, तुम्ही मधल्या मधे क्लॅम्प आवळून ठेवलात."

"तू इथेच आहेस ना सकाळपासून?"

"मी सांगतो तो काय म्हणेल ते."

ती वर आली. तोंड लाल, केसांना ग्रीस. उतारावरून तिला लांब पेट्रोलच्या धक्क्यावर मार्लीन दिसली, एका बोटीत नळी धरून उभी. आणि मार्लीनची ती कोंबडी आठवली.

"तुम्ही बोट सोडून जाताना पाय वर करून जाता," ती लॅमर्टला म्हणाली.

"नेहमी."

"पूर्ण वर?"

"जितका जाईल तितका."

पाय उचलणारा पंप बुडून मेला होता. ट्वायलानं ट्रकमधून दुकानातला जुना पंप आणि बॅटरी काढली, नळ्या जोडल्या आणि बटण दाबलं. पाय कण्हत कण्हत वर आला. ती परत कप्प्यात पालथी पडली. या वेळी तिला पाच मिनिटंही थांबावं लागलं नाही. दांड्याच्या बेअरिंगखालून एक थेंब फुगला आणि गळाला. दुसरा. मग थेंब राहिले नाहीत, बारीक धार लागली, आणि कागद तिच्या डोळ्यांसमोर राखाडी होऊन विरघळला.

"पाय खाली घ्या," ती ओरडली. लॅमर्टनं बटण दाबलं. पाय खाली गेला तशी धार बारीक झाली, तुटली. "वर." धार परत आली.

पाय खाली असला की भात्याच्या वरच्या घड्या मिटतात. वर केला की त्या ताणून उघडतात. छिद्र घडीत होतं.

बोट बाहेर काढून तिनं पाय वर केला, एका बाजूला पूर्ण वळवला आणि फटीतून हात घातला. पहिल्यांदा तिनं छिद्र शोधलं नाही. क्लॅम्प शोधला. बाहेरचा घट्ट. मग बोटं आणखी आत सरकवून आतला. स्क्रूचं डोकं लागलं, तिनं पाना लावून फिरवून बघितला. इकडचा तिकडे हलला नाही. चाळीस वर्षांच्या सवयीनं आवळलेला क्लॅम्प होता तो. ती तशीच, हात खांद्यापर्यंत आत घालून, थोडा वेळ बसून राहिली.

मग तिनं भाता कापून बाहेर काढला आणि उन्हात धरला. वरच्या दोन घड्यांमध्ये रबर कुरतडलेलं होतं, बोटभर लांबीत, कडा झिरमिळ्या झालेल्या.

"ब्लेड मारलंय कुणीतरी," कर्टिस चटकन म्हणाला.

लॅमर्टनं भाता तिच्या हातातून घेतला. खिशातून चष्मा काढला, डोळ्यांजवळ नेऊन कड फिरवून फिरवून बघितली. त्याचा चेहरा बदलला; गिऱ्हाइकाचा होता तो डॉक्टरचा झाला.

"हे ब्लेड नाही," तो म्हणाला. "हे दात आहेत. पुढचे. वरचे दोन, खालचे दोन, छिन्नीसारखे. बघा, प्रत्येक चाव्याला जोडीची खूण आहे. कुरतडणारं जनावर आहे. उंदरापेक्षा बरंच मोठं."

"मस्करॅट," ट्वायला म्हणाली.

तलावात राहणारी ही घूस, मांजराच्या पिलाएवढी. काठाला बिळं करते, आणि जुन्या तरंगत्या धक्क्यांखालचा पांढरा फोम पोखरून त्यात घर करते. दात वाढतात म्हणून सारखं काहीतरी कुरतडत राहते. पाय वर करून तीन आठवडे न हललेली बोट म्हणजे तिला बसायला ओटा, आणि तोंडासमोर रबर. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट, पण दहा वर्षांत एखादी बोट अशी जायची. एका उन्हाळ्यात तीन नाही.

ट्वायला हळूहळू कर्टिसकडे वळली. तो आता गाडीतून उतरला होता.

"जूनमधल्या त्या दोन कुठे बांधलेल्या होत्या?"

"ते मला बघावं लागेल."

"धक्क्याच्या सी रांगेत," मागून मार्लीन म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती कुणाला कळलं नव्हतं. हातात पेट्रोल भरायचे हातमोजे तसेच. "तिन्ही सी रांगेत. मे महिन्यात फासे लावणारा माणूस बोलावला होता. त्यानं नऊ पकडल्या आणि सांगितलं की फोम बदलल्याशिवाय हे थांबणार नाही. मी तिथेच होते."

"मार्लीन," कर्टिस म्हणाला, "तू तुझ्या पंपावर जा."

"जाते. तू मला सांगितलंस की लोकांना कळलं तर रांग रिकामी होईल, म्हणून गप्प राहिले. कुणीतरी मला विचारलं असतं तर बोलले असते, असं मनाला सांगत होते. ते काही खरं नाही. मला लाज वाटते त्याची."

"तुला माहीत होतं," ट्वायला कर्टिसला म्हणाली. ती ओरडली नाही. तिचा आवाज उलट खाली गेला. "मे महिन्यापासून. आणि काल तू माझ्यासमोर उभं राहून म्हणालास, लावणारा खराब असतो."

"जनावरं आहेत, ट्वायला. तलाव आहे. मी काय त्यांना पाट्या लावू?"

"माणसांना लावायच्या. पाय खाली ठेवा, एवढं एक वाक्य लिहायचं होतं. एक कागद. त्याऐवजी तू एका म्हाताऱ्या माणसाचे हात गेले म्हणून सांगितलंस. तीन दिवस तो घरात बसून स्वतःचे हात बघतोय."

"मी बाहेर कुणाजवळ त्यांचं नाव घेतलं नव्हतं."

"माझ्याजवळ घेतलंत," लॅमर्ट म्हणाला. "मी विचारलं हे कुणामुळे झालं, तर तुम्ही म्हणालात, क्रॅन्झचा म्हातारा आता थरथरतो. तो शब्द तुमचा होता. मी तो उचलला आणि त्यांच्या दुकानात जाऊन फेकला." त्याची मान लाल झाली होती.

"सी रांगेत आज रात्री किती जण झोपणार आहेत?" ट्वायलानं विचारलं.

शनिवार होता. उत्तर मार्लीननं दिलं. "बाराव्या जागेवरचे. नवरा-बायको आणि तीन पोरं. दर शनिवारी बोटीतच झोपतात."

ट्वायलानं टॉर्च उचलला आणि चालायला लागली. कर्टिस मागून म्हणाला, ही खासगी जागा आहे, तू इथली नाहीस, मी शेरीफला फोन करतो. ती म्हणाली, कर, मला त्यालाही दाखवायचंय. लॅमर्ट तिच्यामागे आला. तिनं त्याला बोलावलं नव्हतं आणि परतही पाठवलं नाही.

सी रांगेत चौदा बोटी होत्या, त्यातल्या अकरांचे पाय बाहेरचे. ट्वायला धक्क्यावर पोटावर झोपून प्रत्येक पायाच्या फटीत टॉर्च मारत गेली. लॅमर्ट तिचे घोटे धरून बसला, ती पाण्यात जाऊ नये म्हणून. चौथ्या जागेवर चावे होते, अजून आरपार न गेलेले. सातव्यावर आरपार. बाराव्यावर पोरं बसून तळलेली कोंबडी खात होती. त्यांच्या बापाला आधी राग आला, मग ट्वायलानं त्याला त्याच्याच बोटीचा कप्पा उघडून दाखवला. तळात घोट्याएवढं पाणी होतं आणि पंप मरतुकड्या आवाजात गुरगुरत होता.

"काल रात्री हा आवाज ऐकला मी," तो माणूस म्हणाला. "वाटलं फ्रिज आहे."

त्यानं पोरांना बाहेर काढलं. मग तो चालत कर्टिसच्या ऑफिसकडे गेला. धक्क्यावरून नीट ऐकू आलं नाही, पण काचेतून दिसलं. संध्याकाळपर्यंत रांगेतले आणखी सहा मालक तिथे जमले होते आणि शेरीफचा माणूस आला तो कर्टिसचाच जबाब घ्यायला बसला.

ट्वायला थांबली नाही. कुरतडलेला भाता फडक्यात गुंडाळून ती घरी गेली.

वेंडेल पुढच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होते. तिनं भाता त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा चढवला, घड्या ताणल्या, कडांवरून अंगठा फिरवला.

"मस्करॅट," ते म्हणाले.

"हो. क्लॅम्प दोन्ही घट्ट होते, डॅडी. मी स्वतः हात घालून बघितले." मग तिनं कर्टिसचं, सी रांगेतलं, बाराव्या जागेवरच्या पोरांचं सगळं सांगितलं.

त्यांनी भाता बाजूला ठेवला आणि पुढची शेंग उचलली. तिला वाटलं होतं ते हसतील, निदान खांदे सैल सोडतील. त्यांचे खांदे तसेच राहिले.

"मी विचारलं ते चुकलं," ती म्हणाली.

"विचारलंस ते बरोबर केलंस. कसं विचारलंस ते चुकलं."

"हो."

"लॅमर्टचा मला राग नाही. त्याची बोट गेली, तो बोलणारच. तुझा आला. अजून आहे." त्यांनी शेंग मोडली, दाणे भांड्यात पडले, एक निसटून पायरीवरून खाली गेला. "पण तुला एक सांगतो, आणि हे मला कुणाला सांगायचं नव्हतं. मला आठवत नाही, ट्वायला. तीन दिवस झाले, मी तो आठवडा उलटापालटा करतोय. बाहेरचा क्लॅम्प आठवतो. आतला आवळल्याचं आठवत नाही. किल्ली ठेवली ती तुझ्यावर रागावून ठेवली असं तुला वाटलं. ती मी घाबरून ठेवली."

ट्वायला पायरीवर त्यांच्या शेजारी बसली.

"पण आवळलेला होता."

"हाताला आठवलं. मला नाही. पुढच्या वेळी हाताला आठवलं नाही तर?" त्यांचा आवाज चढला. "बारा नंबरमध्ये पोरं झोपतात म्हणतेस. मी लावलेला भाता असता तिथे, आणि क्लॅम्प सुटा असता, तर? त्या कर्टिसला फाडून खायला पाहिजे, मान्य. पण तो खोटं बोलता बोलता खऱ्याच्या जवळून गेला, त्याचा मला जास्त संताप येतो."

तिनं भांड्यातून मूठभर शेंगा घेतल्या आणि सोलायला लागली. समोर रस्त्यावर लॅमर्टची गाडी येऊन थांबली. तो उतरला, दाराला टेकून उभा राहिला, पुढे यावं की नाही याचा अंदाज घेत.

"माफी मागायला आलाय," ट्वायला म्हणाली.

"त्याला सांग मी जेवायला बसतोय."

"अजून शिजलं कुठेय?"

"म्हणून तर त्याला थांबावं लागेल."

लॅमर्ट पाऊण तास थांबला. मग वेंडेलनी त्याला आत घेतलं, त्याचं ऐकून घेतलं, हात मिळवला आणि ताट वाढलं. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. लॅमर्टनं विमावाल्यासमोर खरं सांगितलं, आणि सी रांगेतल्या मालकांना तो स्वतः फोन करत बसला. कर्टिसला मरीनाच्या मालकांनी ऑगस्टमध्ये काढलं. जुना फोम गेला. मार्लीन मात्र सप्टेंबरात आपणहून निघून गेली. तिला राहा म्हणाले होते.

पण हे सगळं पुढचं; त्या शनिवारनंतरच्या सोमवारी सकाळी सातला वेंडेल दुकानात आले. किल्ली त्यांनी घेतली नाही. सी रांगेतल्या पाच बोटी भाते बदलायला अंगणात उभ्या होत्या. त्यांनी एक रिकामी बादली उलटी करून पहिल्या बोटीमागे ठेवली आणि तिच्यावर बसले.

"हाताला आठवतं त्याचा भरवसा नाही," ते म्हणाले. "तोंडाला आठवतं. तू लाव, मी विचारतो. आणि प्रत्येक वेळी मोठ्यानं उत्तर द्यायचं. चिडायचं नाही."

ट्वायला पाठीवर झोपून बोटीखाली सरकली, खांद्यापर्यंत हात आत घातला.

"आतला क्लॅम्प?" वेंडेलनी विचारलं.

"आवळतेच आहे, डॅडी."

"आवळतेय आणि आवळला यात फरक आहे."

"माहीत आहे मला."

"मग सांग तसं."

तिनं दात आवळले, पाना अर्धा फेरा आणखी फिरवला. "आवळला," ती म्हणाली, आणि चिडूनच म्हणाली.